तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटलीचं मैदान सपाट का करत नाहीत?

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बॅटली बुलडॉग्जचा सामना पहिल्यांदा पाहिला की बहुतेक जण हेच विचारतात. रग्बी लीगचा, म्हणजे तेरा-तेरा खेळाडूंच्या रग्बीचा, हा क्लब १८८० सालचा, आणि तेव्हापासून तो माउंट प्लेझंटच्या टेकडीवरच खेळतो. मैदान एका टोकाकडे सरळ उतरत जातं. खालच्या कोपऱ्याला गावकरी ‘नाइन ओल’ म्हणतात.

आता सपाट करण्याचा हिशोब मांडू. गोललाइन ते गोललाइन १०० मीटर, रुंदी ६८. समजा, दोन टोकांत फक्त दोन मीटरचा फरक धरला. वरचं टोक एक मीटर खणायचं, खालचं एक मीटर भरायचं. तरी सुमारे १,७०० घनमीटर माती हलवावी लागते. आधी वरची सुपीक माती बाजूला काढायची, मग भराव थराथराने दाबायचा. त्यात घाई केली तर पुढे तो खचतो आणि खेळाडूंचे घोटे मुरगळतात. निचऱ्याचे पाइप नव्या पातळीला जुळत नाहीत, ते उखडून पुन्हा टाकावे लागतात. प्रेक्षकांच्या पायऱ्या मात्र जुन्या पातळीलाच राहतात. शिवाय तेवढे महिने सामने भरवायचे कुठे?

हा खर्च सेमी-प्रोफेशनल क्लबला झेपणारा नाही. इथले खेळाडू नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव करतात. या खेळाचा जन्मच त्या प्रश्नातून झाला. बॅटली म्हणजे लोकरीच्या चिंध्यांपासून नवं कापड काढणाऱ्या गिरण्यांचं गाव. सामन्यासाठी कामावर खाडा पडला की मजुरी बुडायची, आणि तेव्हा रग्बी चालवणाऱ्या रग्बी युनियन या संस्थेला तिची भरपाई मान्य नव्हती. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब तिच्यापासून वेगळे झाले आणि खाड्यापोटी दिवसाला सहा शिलिंगपर्यंत देणं त्यांनी मान्य केलं. बॅटली त्यांत होता. १८९७ चा पहिलावहिला चॅलेंज कप, म्हणजे या खेळाची बाद फेरीची स्पर्धा, त्यानेच जिंकला, हेडिंग्लीवर सेंट हेलन्सला १०–३ हरवून. १८९८ आणि १९०१ मध्ये पुन्हा कप आला, १९२४ मध्ये लीगचं विजेतेपद.

जुनं मैदान सुटलं की काय होतं, तेही या खेळाने पाहिलंय. १९७३ मध्ये हन्सलेटचं पार्कसाइड गेलं, १९९७ मध्ये ओल्डहॅमचं वॉटरशेडिंग्ज. दोन्ही क्लब मोडले, नव्याने उभे राहिले आणि पुढे वर्षानुवर्षं भाड्याच्या मैदानांवर फिरले. म्हणून तिरकं का होईना, बॅटलीने आपलं मैदान धरून ठेवलं हेच शहाणपणाचं झालं, असं आमचं ठाम मत आहे.

खेळताना पाहुणे चुकतात ते उताराकडे किक मारताना. सपाट मैदानाच्या अंदाजाने मारलेला चेंडू घरंगळत डेड-बॉल लाइनपार, म्हणजे गोललाइनमागच्या शेवटच्या रेषेपार, जातो. मग समोरच्यांना २० मीटरवरून चेंडू आणि सहाऐवजी सात टॅकल मिळतात, म्हणजे चेंडू सोडावा लागण्याआधी एकदा जास्त पाडलं गेलं तरी चालतं. उताराकडे किक आखूड हवी, आणि शक्यतो कोपऱ्यात. खालचं टोक राखणाऱ्या फुलबॅकने, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूने, नेहमीपेक्षा पाच-सहा मीटर मागे उभं राहावं. चढावर धावणाऱ्यांची दमछाक लवकर होते, तिथे बदली खेळाडू आधी उतरवावेत. नाणेफेक जिंकली आणि वारा पडलेला असला, तर पाय ताजे असताना पूर्वार्ध चढावर खेळावा.