चौतीसनंतर कोण?

आठवी 'ब'मध्ये माझा हजेरी क्रमांक १२. त्यामुळे त्या खेळात बारा कधी येतात याकडे माझे डोळे लागलेले असायचे, आणि बारा काही केल्या यायचे नाहीत.

खेळ आमच्या गणिताच्या सरांचा. ऑफ तास मिळाला, बाहेर पाऊस लागला, की खडू घेऊन हजर. "चला, आकड्यांच्या भेंड्या!" नियम दोनच. मागच्याने सांगितलेल्या संख्येतला एकही अंक आपल्या संख्येत नको, आणि अजून न आलेल्यांतली सगळ्यांत लहान संख्या सांगायची. एक ते नऊ बिनबोभाट जायचे. मग दहा. त्यानंतर एक नको, शून्य नको, म्हणून अकरा ते एकवीस सगळे बाद, थेट २२. मग ११, २०, १३, २४, १५, २३... फळ्यावर रांग वाढायची आणि बारा आपले बाहेर ताटकळत. कधी एक आडवा यायचा, कधी दोन. शेवटी १९च्या मागून ३० आले की बारांचा नंबर लागायचा. मोजून अठ्ठाविसावा!

पुढे ३३, २१, ३४. आणि नेमकी चौतीसनंतर माझी पाळी आली. तीन नको, चार नको. एकोणतीस मनात आलं होतं हो, पण त्यात 'तीस' आहे ना! सोडून दिलं आणि ठणकावून म्हटलं, "पन्नास!" सरांनी फळ्यावर २९ लिहिलं आणि माझ्याकडे वळले. "तोंडाने तीस म्हणतोस. हाताने लिहिताना तीन कुठे काढतोस, दाखव."

वर्ग किती वेळ हसत होता ते विचारू नका.

सरांना हा नाद लागला तो कापरेकरांमुळे. ६१७४ या संख्येची गंमत शोधणारे गणिती द. रा. कापरेकर. देवळालीला शाळेत शिकवायचे. त्यांच्या रांगेत संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या येते: २३, २८, ३८, ४९, ६२. आणि २०, ३१, ४२ यांच्यासारख्या ज्या अशा बेरजेतून कधीच निघत नाहीत, त्या स्वयंभू. सर हे सांगताना शेजारच्या गल्लीतल्या माणसाबद्दल बोलल्यासारखे बोलायचे. संख्या चढत्याच हव्यात, असाही नियम त्यांनी एकदा आमच्या भेंड्यांना लावून पाहिला. पण १११, २००, ३११, ४०० असे एकसुरी झोके सुरू झाले आणि आम्ही जांभया द्यायला लागलो.

एकदा त्यांनी उलटंच विचारलं, "कुणाची पाळी कधीच येणार नाही?" आम्ही गप्प. खिडकीजवळच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी उभी राहिली. "जिच्यात दहाही अंक आहेत तिची, सर. तिच्या शेजारी बसणार कोण?" सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात १०२३४५६७८९ लिहिलं, भोवती चौकट काढली, आणि दुसऱ्या दिवशी फळा पुसणाऱ्याला तेवढा कोपरा सोडायला सांगितलं. तो आठवडाभर तसाच होता.

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा बॅचच्या ग्रुपवर मी नुसतं '३४' टाकलं. दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं: ५०. पाठवणाऱ्याचं नाव इथे देत नाही. तो हल्ली चार्टर्ड अकाउंटंट आहे.