पानिपतला दोन मिनिटं

टूर मॅनेजरच्या नोकरीत पाहुणा हरवणं काही नवीन नाही. आग्र्यात कोणीतरी पेठ्याच्या दुकानात रमतं, ताजच्या गेटवर एखाद्या काकू भलत्याच ग्रुपच्या झेंड्यामागे चालू लागतात, अर्ध्या तासात सगळे सापडतात. पण पाहुणा हरवलेला नाही आणि तरी गाडीत नाही, हे पहिल्यांदाच झालं. कोणाला सांगितलं की लोक हसतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

टूर नेहमीचीच. नाशिकरोडहून रात्री पंजाब मेल, मग ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, तिथून शताब्दीने कालका आणि टॉय ट्रेनने सिमला. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, तीसेक जण, सोबत आमचा महाराज कारण दिल्लीत चौथ्या दिवशी वरण-भात मिळाला नाही की माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात. लोकांना वाटतं नाशिकहून निघायची तारीख बघून कार्यक्रम ठरतो, तसं नसतं, ताज शुक्रवारी बंद असतो त्यामुळे आग्र्याचा दिवस आधी पक्का करायचा आणि तिथून उलटं मोजत यायचं. आणि मग बर्थ. थ्री एसीच्या एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीच्या, डब्यात ७२ बर्थ, त्यात मेन लोअर १८ आणि साइड लोअर ९, आणि माझ्या ग्रुपात गुडघे न दुखणारा माणूस एकही नाही. ज्येष्ठांचा लोअरचा कोटा आहे, पण तो तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तर, सहा जणांचं एकत्र तिकीट काढलं की गेला कोटा. म्हणून मी जोडप्या-जोडप्यांची वेगळी तिकिटं काढतो, ऑफिसला ते कटकटीचं वाटतं, आणि नोव्हेंबर २०२४ पासून बुकिंग १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं त्यामुळे त्या सकाळी आठला आम्ही सगळे मोबाईलला चिकटलेले. एवढं करून एखादी काकू म्हणतेच, "दादा, मला खिडकी नाही का हो मिळाली?" रात्रीच्या गाडीत.

तर अण्णा. वय पंचाहत्तरच्या आसपास, एकटेच, गंगापूर गावचे, एसटीत कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. टूर त्यांच्या पुण्याच्या मुलाने बुक केली होती, हल्ली हे फार होतं, मुलं पैसे भरतात, आईवडिलांना कळतं ते बॅग आणि टोपी घरी आल्यावर. अण्णांचा त्रास शून्य. बस सुटायच्या पाच मिनिटं आधी जागेवर, हॉटेलची खोली बदलून मागणार नाहीत, फक्त ग्वाल्हेरला किल्ल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, पानिपत आहे का यात?" म्हटलं नाही अण्णा, शताब्दी तिथे थांबते पण आपण उतरत नाही. "किती थांबते?" दोन मिनिटं. त्यांनी मान डोलावली आणि खिशातल्या डायरीत काहीतरी लिहिलं. मी आपला खूश, पाहुणे वेळापत्रकात इंटरेस्ट घेतायत म्हणून.

नवी दिल्लीहून शताब्दी सकाळी पावणेआठच्या आत सुटते. चेअर कारमध्ये आमच्या सीटा दोन डब्यांत विभागलेल्या, त्यामुळे नाश्त्याचे ट्रे गोळा झाले की मी एक फेरी मारून माणसं मोजतो. पानिपत मागे पडलं होतं. दुसऱ्या डब्यात एक सीट रिकामी, म्हटलं टॉयलेटला गेले असतील, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी एक कागद पुढे केला. "हे अण्णांनी तुम्हाला द्यायला सांगितलंय. कर्नाल गेल्यावर द्या म्हणाले." आमच्याच कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू, बॉलपेनने, ओळी अगदी सरळ:

"मी पानिपतला उतरत आहे. काळा आंब बघून बसने सिमल्याला येतो. मोठी बॅग आपल्याबरोबर न्यावी. रात्रीचे जेवण ठेवू नये."

काळा आंब म्हणजे तिथलं पानिपतच्या लढाईचं स्मारक. खाली सही, तारीख आणि वेळ. वेळसुद्धा लिहिलेली, ८.४०!

फोन लावला तर स्विच ऑफ. मी रेल्वेच्या मदतीच्या नंबरवर, १३९ ला, फोन केला, त्यांनी पुढे जोडून दिला आणि पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "मिसिंग हैं या उतर गए हैं?" मी म्हटलं उतरे हैं, चिठ्ठी है. "तो फिर?" आता या 'तो फिर'चं उत्तर काय द्यायचं सांगा. पंचाहत्तरीचा माणूस, शुद्धीत, खिशात पैसे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बसेस सोडल्या, तो एका बसने जातो म्हणतोय. मी मागे फिरावं तर तीस जणांना कालक्याला गाडी बदलायची आहे, जोड मिळायला वेळ अगदी थोडा, नॅरोगेजचा प्लॅटफॉर्म त्याच स्टेशनात असला तरी ब्रिज चढणारे गुडघे आमचे. शिवाय मोठ्या बॅगा टॉय ट्रेनमध्ये मावत नाहीत, त्या आम्ही कालक्यातून टेम्पोने वर पाठवतो, त्या मोजून चढवायला मीच लागतो. अण्णांची बॅग सगळ्यात आधी चढली, तिला त्यांनी सुतळीने नाव-पत्त्याची पाटी बांधली होती.

नियमाप्रमाणे घरच्यांना कळवायचं होतं, कालक्यातून मुलाला फोन केला, त्याने मीटिंगमधून उचलला नाही आणि परत केला तो नेमका गाडी सुटल्यावर. कालका-सिमला ९६ किलोमीटर, १९०३ ची लाइन, आणि बोगदे १०२. एरवी हा आकडा मी माइकवर मिरवून सांगतो, त्या दिवशी प्रत्येक बोगद्यात फोन कट. "तुम्ही त्यांना उतरू दिलंच कसं..." कट. "मी सगळे पैसे भरलेत, मला..." कट. डब्यात बाकीचे शाळेच्या पोरांसारखे प्रत्येक बोगद्यात ओरडतायत, मागून कोणीतरी म्हणतंय दादा बडोगची गोष्ट सांगा ना, तो इंजिनियर, दोन्हीकडून खणलेला बोगदा मधे जुळला नाही, एक रुपया दंड, ती. सांगितली. मग तो सोडून दुसरीकडे नव्याने खणलेल्या ११४३ मीटरच्या बोगद्यात मी गोष्ट सांगत होतो आणि हातात फोन धरून नेटवर्कची काडी कधी येते बघत होतो. बडोग स्टेशनवर सगळे कटलेटवर तुटून पडले तेव्हा मुलगा शेवटी सलग बोलला, आणि खरं सांगू, चिठ्ठी वाचून दाखवल्यावर तो थोडा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, "मला बोलले असते तर मी गाडी करून दिली असती." मी काही बोललो नाही.

संध्याकाळी ग्रुपला हॉटेलवर सोडून मी टुटीकंडीच्या बस स्टँडवर जाऊन बसलो. मार्चमधली सिमल्याची थंडी म्हणजे कान गळून पडतात. दहाच्या सुमाराला हिमाचलची बस लागली आणि अण्णा उतरले, कानाला मफलर, हातात तीच कापडी पिशवी. मला बघून त्यांनाच आश्चर्य वाटलं. "तुम्ही कशाला आलात? चिठ्ठी मिळाली नाही का?"

फोन बंद कशाला ठेवला तर म्हणे बॅटरी वाचवायला. टॅक्सीत मी विचारलं काय बघितलं. स्टेशनहून रिक्षा केली, शहराबाहेर बाग आहे, विटांचा खांब आहे, त्याला कुंपण आहे, पंधरा मिनिटांत बघून होतं. "बघण्यासारखं काही नाही साहेब, तुमच्या ऑफिसचं बरोबर आहे." मग पुढच्या बसचं, पानिपत ते चंदीगड, स्टँड बदलून सिमला, कंडक्टरने तिकीट कसं फाडलं, हरियाणा रोडवेजची सीट आपल्या लालपरीपेक्षा कडक, यावर मात्र अगदी रंगून बोलले. हॉटेल यायच्या आधी एवढंच म्हणाले की विश्वासरावांची आई, गोपिकाबाई, म्हातारपणी आमच्या गंगापुरात येऊन राहिली होती, तिचा मुलगा १४ जानेवारी १७६१ ला तिकडे पडला, मी लहानपणापासून ऐकतोय, म्हटलं गाडी दारावरूनच जातेय. महाराजाने वरण-भात ठेवला होता. चिठ्ठीत नको म्हटलं होतं असं सांगून अण्णांनी तो सगळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ग्रुपात दोन तट. अर्ध्यांचं म्हणणं अशा माणसामुळे सगळ्यांची ट्रिप खराब होते, जी कोणाचीच झाली नव्हती. उरलेल्यांचं म्हणणं आम्हाला का नाही नेलं, आपण मराठी माणसं आणि पानिपतावरून इडली खात पुढे जातो! बुकिंगच्या वेळी यातल्या एकानेही पानिपतचं नाव काढलं नव्हतं, सगळ्यांनी विचारलं होतं कुफ्रीला बर्फ असेल का. आणि ऑफिसची बाजूही सांगतो, पानिपतला उतरायचं तर बस लावावी लागते, अर्धा दिवस जातो, कालक्याची जोड हुकते, मग चंदीगडला एक मुक्काम वाढतो, माणशी भाडं वाढतं आणि लोक शेजारच्या कंपनीकडे जातात. हे सगळं खरं आहे. तरी एक बस सोडून दुसरीत बसावं तसं एक माणूस कापडी पिशवी घेऊन हे एका दिवसात करून आला, तेही जेवणाच्या वेळेची सूचना देऊन.

नाशकात परतल्यावर ऑफिसने सत्तरीपुढच्या पाहुण्यांसाठी हमीपत्र छापलं, 'प्रवासात मधल्या स्टेशनवर उतरणार नाही.' आणि मला घटनेचा फॉर्म भरायला दिला. प्रकाराच्या रकान्यात चारच गोष्टी, वैद्यकीय, चोरी, पाहुणा हरवला, गाडी चुकली. साहेब म्हणाले गाडी चुकली टाक आणि मोकळा हो. पण गाडी चुकली नव्हती हो, बरोब्बर दोन मिनिटांत उतरले होते. मी खाली पेनाने 'इतर' असं लिहून त्यापुढे अण्णांची चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून दिली, जेवणाच्या ओळीसकट. फॉर्म परवा परत आलाय, वर लाल शेरा, 'कारण थोडक्यात लिहावे.'