आमची वाटचाल: त्र्यंबक, शिर्डी आणि द्राक्षबागा

आमचा मूळ धंदा भाविकांच्या गाड्यांचा. नाशिकरोड स्टेशनवर माणसं घ्यायची, पंचवटी, त्र्यंबक, वणी, शिर्डी करून परत आणून सोडायची. वडिलांनी सेकंडहँड अँबॅसिडरवर सुरू केलेलं हे काम आजही आमचं बारमाही उत्पन्न आहे.

2000 साली नाशिकच्या सुला या वाईन कंपनीची पहिली वाईन बाजारात आली, 2005 मध्ये त्यांची टेस्टिंग रूम (वाईन चाखायची जागा) उघडली, आणि गिऱ्हाईक हळूच विचारू लागलं, "त्र्यंबकहून येताना वायनरी होईल का?" हळूच, कारण मागच्या सीटवर आजी असायची. वडील म्हणाले, देवाच्या गाडीत वास नको. म्हणून वेगळी गाडी घेतली, ती आजतागायत वेगळीच. आता एकाच कुटुंबाला दोन गाड्या लागतात: थोरले त्र्यंबकला, धाकटे गंगापूर धरणाकडे वायनरीत, जेवायला सगळे एकत्र. धंदा खरा वाढला तो यामुळे.

दिवसाला आम्ही दोनच वायनरी करतो. चार मागणारे पुष्कळ भेटतात, पण तिसरीपासून जिभेला काही कळत नाही आणि चौथीनंतर गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी लागते. वाचलेला वेळ बागेत घालवतो.

जुलैत येऊन "घड कुठेत?" विचारणारे दरवर्षी असतात. थंड देशात हिवाळ्यात वेल झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी), पाऊस ओसरताना गोडी छाटणी (घडांसाठी), आणि माल एकदाच, साधारण जानेवारी ते मार्च. तेव्हा रात्री गार असतात, त्यामुळे मण्यातला आंबटपणा टिकतो. दिवसाच्या उन्हात माल तापू नये म्हणून काढणीही शक्यतो पहाटेच उरकतात.

हंगामात पाहुण्याच्या एका हातावर थॉमसन या खायच्या द्राक्षाचा मणी ठेवतो, दुसऱ्या हातावर शिराझ या वाईनच्या द्राक्षाचा. शिराझचा बारीक, जाड सालीचा, बियांचा. बहुतेक जण तोंड वाकडं करतात. मग सांगतो, साल थुंकू नका, चघळत राहा. जीभ कोरडी पडली ना? दुपारी रेड वाईनमध्ये हेच लागेल. टेस्टिंग रूममधलं भाषण यापुढे फिकं पडतं, असं माझं मत!

सकाळी झणझणीत मिसळ खाऊन येऊ नका, एवढी विनंती. खायचीच तर दुपारी, सोबत किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन. उत्तम जमतं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या उभ्या राहिल्या. टिकलो ते भाजीपाला वाहून.

जानेवारी ते मार्चचे शनिवार-रविवार लवकर भरतात; जमल्यास मंगळवार-बुधवार धरा. 21 वर्षांखालच्यांना बाग दाखवतो, ग्लास नाही. आणि ड्रायव्हरदादांना "एक घोट तरी" असा आग्रह कृपया करू नका. त्यांच्या चहा-जेवणाचं आम्ही बघतो.