रक्ताच्या थेंबात मेंदूचा मार कळतो का?

पडून डोकं आपटलेल्या मुलाला घेऊन आलेले आईवडील मला एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, सीटी स्कॅन म्हणजे रेडिएशन. नुसतं रक्त तपासून नाही का कळणार?" तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

प्रश्न रास्त आहे. मेंदूला इजा झाली की त्याच्या पेशींमधली काही प्रथिनं रक्तात उतरतात. त्यांतल्या जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या दोघांच्या तपासणीला अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं-तपासण्यांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये मान्यता दिली. पण ती अठरा वर्षांवरच्यांसाठी, आणि तीही सीटी टाळता येईल का एवढंच ठरवायला.

लहान मुलांचं गणित वेगळं. एस१००बी हे असंच आणखी एक प्रथिन तान्ह्या बाळाच्या रक्तात मुळातच जास्त असतं आणि वयाबरोबर उतरत जातं. मोठ्यांचा मापदंड लावला तर धडधाकट बाळही 'पॉझिटिव्ह' निघेल. शिवाय ते चरबीत आणि कूर्चेतही असतं, त्यामुळे हात मोडला तरी वाढू शकतं. एनएसई या तिसऱ्या तऱ्हेच्या प्रथिनाची गोष्ट आणखी निराळी. ते लाल पेशींतही असतं. हात ओढून घेणाऱ्या, किंचाळणाऱ्या बाळाच्या बारीक शिरेतून रक्त काढताना या पेशी फुटतात. मग रक्ताची नळी लॅबच्या यंत्रात गरगर फिरवून काढली की वरचा पिवळसर थर गुलाबी दिसतो. आकडा फुगलेला, मेंदू ठणठणीत! (अशी नळी लॅबवाले परत पाठवतात, आणि पुन्हा टोचायचं म्हटलं की आईचा चेहरा बघवत नाही.)

म्हणून माझा भरवसा अजून बघण्या-विचारण्यावरच आहे. अमेरिकेत बेचाळीस हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून २००९ मध्ये 'पेकार्न'चे नियम आले, डोक्याला मार लागलेल्या कुठल्या मुलाला सीटी लागेल हे ठरवायचे. दोन वर्षांखालच्या बाळासाठी त्यात चक्क आईवडिलांचं मत धरलंय: मूल नेहमीसारखं वागतंय का? टेंगूळ कुठे आलंय तेही बघतात. कपाळावरच्यापेक्षा बाजूचं किंवा मागचं जास्त काळजीचं. बाळ किती उंचावरून पडलं, शुद्ध किती वेळ हरपली, कवटी चाचपताना मोडल्यासारखं काही हाताला लागतंय का, हेही असतंच. बऱ्याच मुलांना यानंतर सीटी लागतच नाही, काही तास नजरेखाली ठेवलं की भागतं. ज्यांना लागतो, त्यांनी मात्र रेडिएशनच्या भीतीने तो टाळू नये.

रक्ताच्या तपासणीची मला खरी आस आहे ती वेगळ्याच मुलांसाठी. सीटी स्वच्छ, पण पुढे कित्येक दिवस डोकं दुखतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, अशी मुलं. कुणाला जास्त दिवस त्रास होणार हे आधीच सांगेल, अशा तपासणीची मी वाट बघतेय.