एकच कळ बदलताना

माझ्या लॅपटॉपवरची ‘डी’ ही कळ तुटली, आणि मी इनस्क्रिप्ट मांडणीत मराठी लिहीत असल्यामुळे तिच्याबरोबर हलन्ताचे चिन्हही गेले. जोडाक्षर लिहायचे तर उघड्या पडलेल्या रबरावर बोट रोवावे लागे. कळ आता बदलून झाली आहे. या कामात हात घालण्यापूर्वी नेमके काय तुटले आहे हे ठरवणे हाच अर्ध्याहून अधिक भाग आहे, असे माझे मत झाले असून पुढील मजकुराचा बराचसा भर त्यावरच आहे.

वरून एकसंध दिसणारी कळ मुख्यतः चार भागांची असते. सर्वांत वर अक्षराची टोपी, तिच्याखाली कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या दोन चौकटींची प्लॅस्टिकची क्लिप, क्लिपच्या मधोमध रबराचा छोटा घुमट आणि तळाशी धातूच्या पत्र्याला लागून असलेले मेम्ब्रेन, म्हणजे तीन पातळ थरांचा पडदा. मेम्ब्रेनच्या वरच्या आणि खालच्या थरांवर विद्युतवाहक रेषा असतात, तर मधला थर केवळ अंतर राखतो आणि त्याला प्रत्येक कळीच्या जागी भोक असते. घुमट दबला की त्या भोकातून वरचा थर खालच्या थराला टेकतो आणि अक्षर उमटते. क्लिपचा विजेशी काहीही संबंध नाही. टोपी कोपऱ्यावर दाबली तरी ती तिरकी न होता सपाट खाली जावी, एवढ्यासाठीच ती असते. लॅपटॉपची कळ जेमतेम १ ते २ मिलिमीटर खाली जाते, त्यामुळे एवढ्या कमी जागेत बसणाऱ्या या क्लिपच्या खुंट्या फारच नाजूक असतात आणि बहुतेकदा मोडतात त्या त्याच.

म्हणून पहिली परीक्षा अशी, की टोपी काढलेल्या जागी घुमटाच्या मध्यावर बोटाने हलके दाबावे. अक्षर सहज उमटले तर विद्युत भाग शाबूत आहे आणि बिघाड केवळ यांत्रिक आहे. बराच जोर लावल्यावरच ते उमटत असेल तर घुमटाखाली घाण साचली असण्याची किंवा घुमटच फाटला असण्याची शक्यता असते. मात्र अनेक कळा एकाच वेळी मुक्या झाल्या असतील तर सुट्या कळीच्या नादाला लागू नये. आतल्या वाहक रेषा उभ्या-आडव्या जाळीसारख्या मांडलेल्या असतात आणि एक रेषा तुटली की तिच्यावरच्या सगळ्या कळा बंद पडतात. त्या कळफलकावर शेजारी-शेजारी असतीलच असे नाही. कळ बराच वेळ दाबून धरल्याशिवाय दाद देत नसेल तर विंडोजमधली ‘फिल्टर कीज’ ही क्षणभर दाबलेल्या कळीकडे दुर्लक्ष करणारी सोय नकळत चालू झाली आहे का, हेही पाहावे. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ती पुढे येते.

सुटी कळ केवळ लॅपटॉपचे मॉडेल सांगून मागवणे धोक्याचे आहे, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या उत्पादकांचे कळफलक बसवलेले असू शकतात आणि प्रत्येकाची क्लिप निराळी असते. खात्रीची ओळख म्हणजे कळफलकाच्या पाठीवरचा पार्ट नंबर. तिथपर्यंत पोहोचणे शक्य नसेल तर जुन्या क्लिपचा आणि पत्र्यावरच्या हुकांचा जवळून फोटो काढून तो विक्रेत्याच्या चित्राशी ताडून पाहावा. एकाच कळफलकावरसुद्धा अक्षरांच्या, फंक्शन ओळीच्या आणि बाणांच्या कळांना वेगवेगळ्या क्लिपा असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मागवलेला भाग येईपर्यंत क्वचित लागणाऱ्या, तेवढ्याच आकाराच्या कळीची क्लिप काढून वापरावी असे सुचवले जाते. मला हा उपाय फारसा रुचत नाही, कारण चांगली कळ उचकटताना तीही मोडण्याची भीती असते.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम लॅपटॉप बंद करून आणि चार्जर काढूनच करावे. प्रथम पत्र्यावरचे हूक नीट पाहावेत. एखादा वाकला असेल तर चिमट्याने अगदी हलकेच सरळ करता येतो, पण तुटलेल्या हुकाला उपाय नाही. घुमट सुटला असेल तर त्याच्या कडेला सिलिकॉनच्या गोंदाचा सूक्ष्म थर पुरतो; झटपट चिकटणारा पातळ गोंद मात्र टाळावा, कारण तो आत झिरपतो आणि वाळल्यावर कडक होऊन रबराची लवचीकता घालवतो. त्यानंतर क्लिपच्या दोन्ही चौकटी एकमेकींत अडकवून त्या आधी पत्र्यावर बसवाव्यात. सहसा एका बाजूच्या खुंट्या हुकांखाली सरकवायच्या असतात आणि दुसऱ्या बाजूच्या वरून दाबून अडकवायच्या असतात. क्लिप उलटी धरली तर ती बसल्यासारखी वाटते, पण उचलली जात नाही. ती बोटाने वर-खाली मोकळी हलू लागली की मगच टोपी तिच्यावर सरळ ठेवून दोन्ही बाजूंनी दाबावी. बारीक ‘टक्’ आवाज येतो. जोर लावावा लागत असेल तर दिशा चुकली आहे असे समजून थांबावे. स्पेस, एंटर आणि शिफ्ट यांना तोल राखणारी तारही असते; तिची टोके पत्र्यावरच्या खोबणीत सरकवल्याखेरीज टोपी दाबू नये.

ॲपलने २०१५ मध्ये १२ इंची मॅकबुकमध्ये आणलेल्या बटरफ्लाय रचनेच्या कळा याहूनही नाजूक होत्या. त्यांच्यासाठी कंपनीला २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोपासून कंपनी पुन्हा कात्री रचनेकडे वळली. अशा यंत्रांत, आणि हल्लीच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्येही, कळफलक वरच्या कवचाला रिव्हेटने जोडलेला असतो, त्यामुळे हूक तुटला की पूर्ण कवच बदलण्याची वेळ येऊ शकते. तेवढ्यासाठीच सुट्या कळीचा मार्ग आधी नीट तपासून पाहावा.

सुटा भाग येईपर्यंत त्या कळीचे काम दुसऱ्या कळीवर सोपवता येते. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या साधनसंचातला ‘कीबोर्ड मॅनेजर’ हे करतो, परंतु तो लॉगिन झाल्यावरच सुरू होत असल्यामुळे पासवर्डमध्ये नेमके तेच अक्षर असेल तर तो कामास येत नाही. रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदीतील, ‘स्कॅनकोड मॅप’ने केलेला बदल लॉगिनच्या पडद्यावरही लागू होतो, शिवाय तिथे पडद्यावरचा कळफलकही उघडता येतो. विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बायोसला पासवर्ड असेल तर मात्र यांपैकी काहीच चालत नाही. अशा वेळी यूएसबी कीबोर्ड जोडणे हाच सरळ मार्ग आहे.