वायरलेस कंट्रोलरची नोंदवही: जोडणी, केबल आणि सांगलीचा उन्हाळा

वरच्या मजल्यावरच्या टीव्हीला जुना डेस्कटॉप जोडून गेम खेळायचे तीन वायरलेस कंट्रोलर बिनतक्रार चालवायचे, हे या उन्हाळ्यात हाती घेतलेलं काम. कंट्रोलर असे: सेकंडहँड घेतलेला ड्युअलशॉक ४ (सोनीच्या प्लेस्टेशन ४ चा), दोन सेलवर चालणारा एक्सबॉक्स सिरीजचा कंट्रोलर, आणि सुट्टीत भाचा येतो तेव्हा त्याच्या बॅगेतून येणारा ड्युअलसेन्स (प्लेस्टेशन ५ चा). डेस्कटॉपवर लिनक्स आहे.

टीव्ही वर का, तर आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून आमच्याकडं विजेवर चालणारी कुठलीही महागडी वस्तू खाली ठेवत नाहीत. वरची खोली पत्र्याची. पुराच्या दृष्टीनं ती सुरक्षित, पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी तिथं बसवत नाही. या एका गोष्टीमुळं माझं जोडणीचं काम लवकर आटपलं आणि चार्जिंगचं लांबलं. माझं मतही त्यातूनच बनलंय: जोडणी एकदाची होऊन जाते, वायरलेस कंट्रोलर किती वर्षं साथ देईल हे तो कुठं आणि कशानं चार्ज होतो यावर ठरतं.

मार्च: जोडणी

ड्युअलशॉक ४ बंद असताना शेअर आणि पीएस (मधलं प्लेस्टेशनच्या खुणेचं) ही दोन बटणं एकत्र दाबून धरायची. काही सेकंदांत पुढची लाइटबार भराभर, दोन-दोनदा लुकलुकायला लागते. ती संथपणे एकेकदा लुकलुकत असेल तर कंट्रोलर अजून आधीच्या यंत्रालाच शोधतोय, जोडणीच्या मोडमध्ये आलेला नाही. सेकंडहँड कंट्रोलरच्या बाबतीत हे हमखास होतं. अशा वेळी मागच्या बाजूला एल२ बटणाच्या जवळ जे बारीक छिद्र आहे, त्यात सिमकार्डची पिन घालून काही सेकंद दाबायची. आतलं रीसेट बटण दबल्याचं बोटाला कळतं. मग पुन्हा शेअर आणि पीएस.

कॉम्प्युटरकडून ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये जाऊनही जोडता येतं, पण मी टर्मिनलमधून करतो: स्कॅन, पेअर, ट्रस्ट, कनेक्ट, याच क्रमानं. यातलं ट्रस्ट बरेच जण सोडून देतात, कारण ते न करताही कंट्रोलर त्या वेळेपुरता चालू होतो. फरक नंतर दिसतो. कंट्रोलर पुढच्या वेळी आपणहून जोडला जाऊ पाहतो तेव्हा कॉम्प्युटर परवानगी विचारतो, आणि टीव्हीसमोर बसलेल्या माणसाकडं उत्तर द्यायला कीबोर्ड नसतो. वळवाचं वारं सुटलं की आमच्याकडं लाइट जाते आणि येते. ट्रस्ट केलेलं असेल तर लाइट आल्यावर मशीन सुरू करून पीएस बटण दाबलं की झालं.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचं जोडणीचं बटण वरच्या कडेला, यूएसबी-सी पोर्टजवळ असतं. तीन सेकंद दाबून धरलं की मधला लोगो जोरात लुकलुकतो. इथं एक अडचण माझ्याकडच्या जुन्या ब्लूटूथ डोंगलमुळं, म्हणजे यूएसबी पोर्टात बसणाऱ्या छोट्या ब्लूटूथ तुकड्यामुळं, आली. सिरीजचे कंट्रोलर ब्लूटूथ लो एनर्जी वापरतात, आणि ती सोय ब्लूटूथ ४.० पासून पुढं आली. त्याआधीच्या डोंगलवर ड्युअलशॉक सुरळीत जोडला जातो, एक्सबॉक्सचा मात्र जमत नाही, आणि मग दोष कंट्रोलरला दिला जातो. नवीन डोंगल घातल्यावर पहिल्या दमात जोडला गेला. हाच कंट्रोलर एक्सबॉक्स कन्सोलवरही वापरत असाल तर जोडणीचं बटण दोनदा पटकन दाबून कन्सोल आणि ब्लूटूथ यांत अदलाबदल करता येते. ही सोय मला फार आवडते, कारण त्यात पुन्हा पेअर करायची गरजच पडत नाही.

ड्युअलसेन्ससाठी क्रिएट आणि पीएस. लिनक्सच्या ५.१२ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), म्हणजे २०२१ पासून, सोनीनं स्वतः दिलेला ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, त्यामुळं वेगळं काही टाकावं लागलं नाही. भाचा मिरजेला घरी गेला आणि रात्री त्याचा फोन.

"मामा, माझा कंट्रोलर पीएसला चालंना झालाय!"

"केबलनं कन्सोलला जोड आणि पीएसचं बटण दाब, बाळा. मग केबल काढ."

तेवढ्यानं सुरू झाला. आपल्या मशीनशी जोडल्यावर तो कन्सोलला विसरलेला असतो, आणि डेटा नेणाऱ्या केबलनं जोडलं की कन्सोलशी त्याची जोडणी पुन्हा होते. २०२५ च्या अपडेटनंतर ड्युअलसेन्सला चार यंत्रांपर्यंत लक्षात ठेवता येतं आणि पीएस बटणासोबत चार चिन्हांपैकी एक बटण दाबून यंत्र बदलता येतं. भाच्याच्या कंट्रोलरला ते अपडेट आता दिलंय. ड्युअलशॉक ४ ला ती सोय नाही, म्हणून मी तो एकाच मशीनला वाहिलेला ठेवतो.

डोंगलची जागा

जोडणी झाली, तरी ड्युअलशॉक मधेच अडखळायचा. उडी मारायचं बटण दाबलं की पात्र क्षणभर उशिरा उडी मारायचं, कधी धावत असलेलं धावतच राहायचं. डोंगल कॅबिनेटच्या मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात होता, शेजारच्याच पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा डेटा चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो, आणि ब्लूटूथ नेमकं त्याच पट्ट्यात चालतं. इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. त्यात आमचं कॅबिनेट लोखंडी स्टँडच्या आत, भिंतीला टेकलेलं. म्हणजे डोंगल आणि माझ्यामध्ये पत्र्याचे दोन थर.

हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल घेतली, ती यूएसबी २ च्या काळ्या पोर्टात लावली, आणि डोंगल टीव्हीच्या खालच्या कडेला, समोरून दिसेल असा चिकटपट्टीनं बसवला. अडखळणं थांबलं. वायफायही मोबाइल आणि लॅपटॉपसाठी ५ गिगाहर्ट्झवर नेलं, म्हणजे २.४ चा पट्टा कंट्रोलरना जरा मोकळा मिळाला. लॅगसाठी, म्हणजे या उशिरासाठी, महागडं काही विकत घ्यायच्या आधी हे करून बघा, एवढं मी खात्रीनं सांगतो.

एप्रिल: केबल

घरातल्या सगळ्या मायक्रो यूएसबी आणि यूएसबी-सी केबल एका दुपारी टेबलावर काढल्या. काही केबलमध्ये फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतात. त्यांनी कंट्रोलर चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही. ओळखायची रीत सोपी: केबल कॉम्प्युटर आणि कंट्रोलरला लावायची, यादीत कंट्रोलर दिसला तर डेटाची केबल. अशा केबलना मी दोन्ही टोकांना हिरवी इन्सुलेशन टेप गुंडाळली.

मग यूएसबी मीटर. चार्जर आणि केबलच्या मध्ये बसणारा, व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा हा छोटा डबा प्रत्येकाकडं असावा. ड्युअलशॉक ४ च्या मागच्या लेबलवर ५ व्होल्ट, ८०० मिलीअँपिअर लिहिलंय. आतली बॅटरी १००० एमएएचची (मिलीअँपिअर-तास, म्हणजे साठवण). ड्युअलसेन्सची १५६० एमएएच आणि लेबलवर १५०० मिलीअँपिअर. बारीक तारेच्या लांब केबलवर मीटरमधला आकडा निम्म्यावर येतो, आणि त्याच चार्जरवर आखूड, जाड केबल लावली की वर चढतो. "कंट्रोलर रात्रभर लावला तरी भरत नाही" ही तक्रार जिथं जिथं ऐकतो, तिथं मी आधी केबल बघतो.

चार्जर मोठा लावला म्हणून काही बिघडत नाही, आणि लवकरही भरत नाही. ६५ वॉटचा असला तरी समोरून मागणी आल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही, आणि किती करंट घ्यायचा ते कंट्रोलरमधलं सर्किट ठरवतं. लिथियमच्या सेलमध्ये आधी ठरावीक करंट जातो. सेल ४.२ व्होल्टला पोचला की व्होल्टेज तिथंच धरून करंट कमी कमी होत जातो, घागर भरत आली की नळ बारीक करावा तसा. मीटरवर हे समोर दिसतं: बराच वेळ आकडा स्थिर, मग उतरता, आणि लाइटबारची नारिंगी उघडझाप थांबली की जवळपास शून्य.

शेजारच्या मुलाचा एक बिनब्रँडचा कंट्रोलरही बघायला आला होता. पोर्ट यूएसबी-सी, चार्जर नवा, केबल दोन्हीकडून सी, आणि मीटरवर शून्य. चार्जरही चांगला, केबलही चांगली. मग एका बाजूनं जुन्या चपट्या यूएसबी-ए तोंडाची केबल लावली आणि लगेच चार्जिंग सुरू. कारण असं: सी टोकाचा चार्जर समोर यंत्र आहे याची खूण मिळाल्याशिवाय वीज सोडतच नाही, आणि ती खूण म्हणजे यंत्रातले ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर. स्वस्त कंट्रोलरमध्ये ते बऱ्याचदा घालतच नाहीत. ए तोंडाच्या चार्जरवर ५ व्होल्ट कायमच असतात, म्हणून तिथं चालतं. पोरगं कंट्रोलर टाकून द्यायला निघालं होतं.

मे: उष्णता

सोनीच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी १० ते ३० अंश तापमान सांगितलंय. आमच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात रात्री दहालाही ३० च्या खाली येत नाही. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी उष्णतेत पडून राहणं हे तिच्यासाठी सगळ्यांत वाईट, तिची साठवण्याची ताकद कायमची घटते. म्हणून खेळायचं वर, चार्ज करायचं खाली, असं ठरवलं. खालचं माजघर जाड मातीच्या भिंतींचं, दुपारीही गार. तिथल्या कोनाड्यात सागवानी पाटाच्या तुकड्याला खाचा पाडून तीन कंट्रोलर उभे राहतील असं स्टँड केलं. खाचेच्या तळाशी जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलीय, म्हणजे कंट्रोलर घसरत नाही आणि केबलवर वजन येत नाही. मायक्रो यूएसबीचा पोर्ट याच वजनानं सैल होतो. आतली ती बारीक जीभ एकदा वाकली की वायर धरून बसावं लागतं.

कोनाडा देवघराच्या भिंतीत होता. आई म्हणाली, "समईच्या जवळ वायरी नकोत बरं का." तिचं बरोबरच होतं. स्टँड समोरच्या भिंतीला हलवलं. पुराचा विचार करून ते खिळ्याला अडकवलेलं ठेवलंय, पावसाळ्यात उचलून वर नेता येईल.

आता रोजचं असं: संध्याकाळी खेळ झाला की कंट्रोलर खाली येतात, सकाळी उठल्यावर लावायचे, आंघोळ-नाश्ता होईपर्यंत भरत येतात. सुट्टी संपून भाचा गेला की ड्युअलशॉक आठवडेच्या आठवडे पडून राहतो. तेव्हा तो पूर्ण न भरता निम्म्यावर ठेवतो. लिनक्सवर बॅटरी किती ते दिसतं, पण ड्युअलशॉक ती दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनीच कळवतो, तेव्हा त्या आकड्याच्या फार मागं लागू नये.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला केबल लावली म्हणजे आतले साधे रिचार्जेबल सेल चार्ज होतात, असा समज फार पसरलाय. होत नाहीत. केबलवर कंट्रोलर नुसता चालतो. चार्जिंग फक्त त्याच्या वेगळ्या बॅटरी पॅकचं होतं, सेल बाहेर काढून चार्जरमध्येच घालावे लागतात. मी निकेल-मेटल हायड्राइडचे दोन जोड ठेवलेत, एक आत, एक भरलेला. हे सेल १.२ व्होल्टचे आणि शेवटपर्यंत जवळपास तेवढाच व्होल्टेज देणारे, त्यामुळं बॅटरीची खूण बराच वेळ एकाच जागी दिसते आणि मग एकदम खाली येते. आमच्या उन्हाळ्यासाठी मला ही पद्धत सगळ्यांत पसंत आहे. कंट्रोलर जुना झाला तरी बॅटरीचं दुखणं त्याला लागत नाही.

ड्युअलशॉकची बॅटरी बदलली

जुनी बॅटरी तासाभरात संपायला लागली होती. मागचे चार स्क्रू काढायचे, कवच हँडलकडून उघडायचं, आणि दोन्ही भाग सावकाश वेगळे करायचे, कारण मधे पातळ रिबन केबल आहे. ओढाताण झाली तर तीच आधी निघते. बॅटरीचं प्लग चिमट्यानं सरळ वर. नवीन मागवताना मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर बघा: सीयूएच-झेडसीटी१ आणि झेडसीटी२ यांच्या बॅटरीचं कनेक्टर वेगळ्या आकाराचं आहे, एकाचं दुसऱ्यात बसत नाही. जुनी बॅटरी फुगलेली निघाली तर टोक लावून उचकटू नका, आणि कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. नवीन बॅटरीवर आता संध्याकाळ निघते.

राहिलंय ते डाव्या स्टिकचं. हात न लावताही पात्र हळूहळू डावीकडं सरकतं. स्टिक किती कलली ते मोजणारे आतले पोटेन्शियोमीटर झिजलेत, त्याजागी हॉल इफेक्टचं, म्हणजे चुंबकानं मोजणारं, मॉड्यूल बसवायचं आहे. एका स्टिकला चौदा सोल्डर जोड, आणि बसवल्यावर ब्राउझरमधून कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य नव्यानं ठरवणं. मॉड्यूल मागवलंय. झेडसीटी२ च्या बोर्डवर कुणी हे केलं असेल तर जुनं मॉड्यूल काढताना सोल्डरिंगच्या टोकाचं तापमान किती ठेवलं आणि डिसोल्डरिंग पंपानं भागलं की सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी लागली, तेवढं कळवा.