पोलार्डचे पाय

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज ओहायोतल्या कँटनला जाऊन आलो, प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम बघायला. हट्ट मुलाचा, मला हा अमेरिकन फुटबॉल अजूनही निम्माच कळतो. तो पुढे पळाला आणि मी ब्राँझच्या अर्धपुतळ्यांमध्ये एकापाशी रेंगाळलो. फ्रिट्झ पोलार्ड.

उंची पाच फूट नऊ इंच, वजन जेमतेम 75 किलो. आजच्या संघात त्याला पाण्याच्या बाटल्या सांभाळायला ठेवला असता! 1916 च्या रोझ बोल या कॉलेज-संघांच्या मानाच्या सामन्यात तो ब्राउन विद्यापीठाकडून खेळला. त्या सामन्यात उतरलेला पहिला कृष्णवर्णीय. पाऊस, चिखल, 14-0 ने हार. पण त्याच वर्षाअखेरीस ब्राउनने येल आणि हार्वर्ड, दोघांनाही लोळवलं.

मग अ‍ॅक्रनचा व्यावसायिक संघ. 1920 च्या अख्ख्या हंगामात या संघाने एकही सामना गमावला नाही, आणि अंगावर घेतले फक्त 7 गुण. पुढच्या वर्षी पोलार्ड खेळता खेळता प्रशिक्षकही झाला. आणि हा विजेत्या संघाचा हिरो कपडे बदलायचा कुठे? संघमालकाच्या सिगारच्या कारखान्यात. तिथून त्याला गाडीने मैदानावर नेत.

मला मात्र दिवसभर एकच गोष्ट पुरली आहे. त्याला पाडलं, की खेळ थांबल्यावरही समोरचे मुद्दाम अंगावर कोसळायचे. गुडघे, कोपरं, सगळं. मारामारी केली तर बाहेर कोण जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून तो पडल्या पडल्या उताणा व्हायचा आणि दोन्ही पाय हवेत गरागरा फिरवायचा. क्लीट्सचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट तोंडावर कोण घेणार? किती यार्ड धावला ते वहीत लिहितात, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

1926 मध्ये एनएफएल या अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधलं त्याचं खेळणं संपलं. 1934 ते 1945 तर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय नव्हता. दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आला 1989 मध्ये, आर्ट शेल. पोलार्ड 1986 मध्ये गेला, 92 वर्षांचा होऊन. हा पुतळा 2005 चा. छातीपर्यंतच. पाय नाहीतच त्यात.

परतताना गाडीत मुलाला हे सांगितलं. घरी आल्या आल्या पठ्ठ्या कार्पेटवर उताणा, पाय हवेत. म्हणाला, "बाबा, पाड ना मला." मी उशी घेऊन झेप टाकली. टाच सरळ बरगडीत. अजून ठणकतेय.